डिस्नेवर्ल्डला आजी-आजोबांना नेताय? आधी जेवायच्या टेबलाचं बघा

आमच्या सासूबाईंनी डिस्नेवर्ल्डबद्दल पहिला प्रश्न विचारला, तो ना किल्ल्याचा होता ना मिकी माउसचा. “दुपारी नीट बसून जेवायला मिळतं ना गं तिथे?” मी फोनवर सहज “हो, मिळतं की” म्हणून गेले आणि पुढचे दोन महिने तो ‘हो’ निभावण्यात गेले. त्यातून जे हाती लागलं ते लिहून ठेवते. उन्हाळ्यात आई-वडील किंवा सासू-सासरे अमेरिकेत आले की त्यांना फ्लोरिडाला घेऊन जायचा बेत निम्म्या घरांत शिजत असतो, त्यांच्यासाठी.

आम्ही न्यू जर्सीहून निघालेले सहाजण. मी, नवरा, नुकतीच दहा वर्षांची झालेली मुलगी, दोन वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. सासरे रत्नागिरीकडचे, मासे खाणारे, पण “इथल्या माशाला वासच नाही” म्हणून अमेरिकेत आपोआप शाकाहारी होतात. दोघांचेही गुडघे कुरकुरणारे. मुलगा दीड वाजता झोपला नाही तर साडेतीनला आख्खं पार्क डोक्यावर घेतो. जेवणाचा बेत या चार माणसांकडे बघून करायचा, आपल्याकडे बघून नाही. आपण काय, उभ्याउभ्या पिझ्झा खाऊनही दिवस काढतो.

तिथे खाण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक काउंटरची: फोनवर ऑर्डर द्यायची, ट्रे उचलायचा आणि रिकामी खुर्ची शोधत हिंडायचं. दुसरी टेबलाची: वेळ ठरवून जायचं, वेटर येतो, पाणी येतं, दीड तास कोणी उठवत नाही. दुसरी महाग आहे. म्हणून आमचा नियम होता, दिवसाला एकच टेबल आणि तेही जिथे खरंच थकायला होईल तिथेच.

बुकिंगच्या आधी मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून लॅपटॉपशेजारी ठेवलं. नवरा हसला. पण आमच्या पाच दिवसांत संकष्टी येत होती. त्या दिवशी सहा माणसांचं टेबल घेऊन सासूबाईंपुढे रिकामी बशी ठेवायची का? तो दिवस बिनटेबलाचा ठेवला आणि त्या दिवशी मॅजिक किंग्डम या पार्कात गेलो, कारण तिथे फळं सहज मिळतात आणि अननसाचं, आइस्क्रीमसारखं डोल व्हिपही मिळतं. ते उपासाला चालतं का, यावर रांगेत उभं राहून चर्चा झाली. “अननसच आहे ना? मग चालतं,” असा निकाल लागला आणि पुढे रोज एक डोल व्हिप ठरून गेलं. उपास सोडायचा असेल तर ओरलँडोच्या चंद्रोदयाची वेळ बघून ठेवा, पुण्याची वेळ तिथे उपयोगाची नाही. उन्हाळ्यात चतुर्थीचा चंद्र तिथे बराच उशिरा उगवतो, तोवर सगळी स्वयंपाकघरं बंद व्हायला आलेली असतात. आमच्याकडे खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये दशम्या आणि दही होतं, म्हणून निभावलं.

आता बुकिंग. टेबलं साठ दिवस आधी उघडतात, ऑनलाइन साधारण सकाळी सहा वाजता, तिथल्या म्हणजे पूर्व किनाऱ्याच्या वेळेने. कॅलिफोर्नियावाल्यांना पहाटे तीनला उठावं लागतं, त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. तुम्ही डिस्नेच्याच हॉटेलात मुक्काम करणार असाल तर एक मोठी सवलत मिळते. मुक्कामाच्या पहिल्या दिवसापासून मागे साठ दिवस मोजायचे आणि त्याच सकाळी पुढच्या दहा दिवसांपर्यंतची सगळी टेबलं एकदम घ्यायची. आमचा मुक्काम १४ जूनपासून, म्हणून १५ एप्रिलच्या सकाळी मी पावणेसहाला चहा घेऊन बसले. पुण्यात तेव्हा दुपारचे सव्वातीन. सासरे व्हिडिओ कॉलवर, त्यांच्याही हातात चहा. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, रांगेचं शास्त्र त्यांना पाठ. ते म्हणाले, “सगळ्यात अवघड काम शेवटच्या दिवसावर टाक.” अंदाजाने बोलले, पण मुद्दा बिनचूक निघाला. सहलीच्या पहिल्या दिवसाच्या टेबलांवर आपल्या आधी आलेल्यांनी हात मारलेला असतो. पाचव्या दिवसाला आपण आपल्या नंतर येणाऱ्यांच्या पुढे असतो. जे टेबल सगळ्यांना हवं असतं ते शेवटच्या दिवसांत शोधा.

एक चूक माझी. मी पाच माणसांचं टेबल घेतलं. मुलगा मांडीवर बसेल, तो कशाला मोजायचा? पण तान्हं बाळसुद्धा संख्येत धरायचं असतं, जेवणार नसलं तरी. लक्षात आलं तेव्हा पाचचं रद्द करून सहाचं शोधायला लागले आणि तोवर दुपारी बारा-पन्नासची वेळ गेली होती. मिळाली ती दोन-चाळीसची. चिडचिड झाली माझी. मग जूनमध्ये तिथे गेल्यावर कळलं की याहून चांगली वेळ असूच शकत नाही.

फ्लोरिडाचा उन्हाळा म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला रोजचा गडगडाट. आपल्या वळवाच्या पावसासारखा, फक्त वेळेला पक्का. विजा कडाडायला लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात आणि हजारो माणसं दुकानांच्या छपराखाली एकमेकांच्या पायावर पाय देत उभी राहतात. तेव्हा आम्ही थंडगार खोलीत बसलेलो असायचो, मुलगा स्ट्रोलरमध्ये गाढ झोपलेला, सासूबाईंनी टेबलाखाली चपला काढून पाय मोकळे सोडलेले. तेव्हापासून आमचं वेळापत्रक असं: सकाळी खोलीत चहा आणि गरम पाणी घालून होणारे तयार पोहे, अकराला पार्कात बसून सोबत आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, अडीच-पावणेतीनला टेबल, रात्री काउंटरवर काहीतरी हलकं. हो, पार्कात घरचं खाणं नेता येतं. काचेची बाटली-बरणी नको, गरम करावं लागेल असं नको, दारू नको, एवढंच. पाणी विकत घेऊ नका. जिथे कोकची यंत्रं असतात अशा काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, फक्त मागायचं.

सकाळच्या मंडळींसाठी दुसरी युक्ती: नाश्त्याची सगळ्यात शेवटची वेळ घ्या, साडेदहाच्या पुढची. नाश्त्याचा दर जेवणापेक्षा कमी असतो आणि त्या वेळी खाल्लेलं दुपारचं जेवणच होतं.

पोटात काय जाणार ते आता बघू, कारण आपल्या घरात गाडी अडते ती इथेच.

मेनू आणि दर दोन्ही डिस्नेच्या संकेतस्थळावर आधी बघायला मिळतात. मेनूत काही पदार्थांपुढे हिरव्या पानाची खूण असते. त्यात मांस, मासे, अंडी, दूध, मधही नाही. आपल्या शाकाहारी माणसाला ही खूण म्हणजे भरवशाची जागा, पण गरजेपेक्षा अरुंद, कारण दूध-तूप-चीज आपल्याला चालतं. तेव्हा पान नसलेल्या पदार्थाबद्दलही विचारा. दुसरं म्हणजे पानाची खूण असलेला बर्गर हुबेहूब मांसासारखा करतात. सासूबाईंनी तो उघडून बघितला, मिटला आणि बशी मुलाकडे सरकवली. “नाही म्हणता मग तसंच दिसायला का हवं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून ऑर्डर देण्याआधी वेटरला विचारते, भाजी भाजीसारखीच दिसेल असं काय आहे?

नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नका. एकदा हायवेवरच्या एका रेस्टॉरंटमध्ये टोमॅटोचं सूप ‘व्हेजिटेरियन’ म्हणून आलं आणि अर्धं झाल्यावर कळलं की ते चिकनच्या पाण्यात उकळलेलं. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला आणि त्या रात्री काही खाल्लं नाही. तेव्हापासून माझं वाक्य ठरलेलं: नो मीट, नो फिश, नो एग, नो चिकन ब्रॉथ. मग नावानिशी विचारायचं: भातात काय घातलंय, सॉसमध्ये फिश सॉस आहे का, बीन्समध्ये चरबी आहे का, तळणीचं तेल वेगळं आहे का. डिस्नेतले वेटर याला कंटाळत नाहीत, त्यांना अ‍ॅलर्जीच्या प्रश्नांची सवय असते. शंका वाटली तर शेफला बोलवायला सांगा. आणि ते मिकीच्या कानांचे राइस क्रिस्पीचे चौकोन दिसतात ना जागोजागी, त्यांतल्या मार्शमेलोत जिलेटिन असतं. मुलीने दोन खाल्ल्यानंतर हा शोध लागला, तो मी माझ्यापाशीच ठेवला.

आता टेबलं कोणती घेतली ते.

एपकॉट पार्कात अकरा देशांची दालनं आहेत, मेक्सिको ते कॅनडा. भारत नाही. सासरे नकाशा उलटसुलट करून दोनदा शोधून आले. मेक्सिकोच्या पिरॅमिडच्या पोटातलं रेस्टॉरंट कायम संध्याकाळ असल्यासारखं मंद उजेडाचं असतं आणि शेजारून होड्या जातात. इटलीच्या व्हिया नापोलीत लाकडाच्या भट्ट्यांना एटना, व्हेसुव्हिओ आणि स्ट्रॉम्बोली या ज्वालामुखींची नावं दिली आहेत आणि तिथे शाकाहाऱ्याचा प्रश्नच येत नाही. पण आम्ही घेतलं गार्डन ग्रिल. ते ‘द लँड’ नावाच्या इमारतीत आहे आणि अख्खं रेस्टॉरंट हळूहळू गोल फिरतं, इतकं हळू की पाणी हलत नाही. खाली होडीची राइड असते, तिच्यातलं जंगल, वाळवंट, शेतघर एकेक करून समोरून सरकत जातं. जेवण बुफेसारखं हवं तितकं, पण टेबलावर आणून देतात. गुडघेदुखीवाल्या माणसाने बशी घेऊन रांगेत उभं राहायचं नाही, यासाठीच मी ते निवडलं. शाकाहारी मांडणी आधी सांगितली की वेगळी आणतात. शेतकऱ्याच्या वेशातला मिकी, प्लूटो, चिप आणि डेल टेबलापाशी येऊन जातात. फोटोसाठी वेगळी रांग लावावी लागत नाही, तो वेळही वाचला. मातीशिवाय वाढवलेली भाजी त्याच इमारतीच्या काचघरात होडीतून बघता येते. सासरे त्या होडीत दोनदा बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, “यांच्याकडे वानरं नाहीत, म्हणून जमतं.”

हॉलिवूड स्टुडिओज पार्कात जेवायच्या दोन गमतीच्या जागा आहेत. साय-फाय डाइन-इनमध्ये जुन्या मोटारींत बसून पडद्यावर जुन्या सिनेमांचे तुकडे बघत जेवायचं. मुलांना आवडेल, पण कुटुंबाने जायची ती जागा नव्हे. मोटारीत सगळे पुढे तोंड करून बसतात, अंधार असतो, आजीला नातवाची फक्त मान दिसते. आम्ही दोन-चाळीसला गेलो ते फिफ्टीज प्राइम टाइम कॅफेमध्ये. १९५० च्या दशकातलं घरचं स्वयंपाकघर मांडलंय आणि वेटर घरातल्या काका-मावशीच्या थाटात दम देतात. माझ्या नवऱ्याने टेबलावर कोपर टेकवलं तर आमच्या वेटर मावशीने ते सगळ्यांदेखत खाली काढायला लावलं. मुलीने घेवडा बाजूला सारला तेव्हा चमचा विमानासारखा फिरवत तिच्या तोंडापर्यंत आणला. सासूबाईंना इंग्रजी फारसं कळत नाही, पण यातलं त्यांना एकही वाक्य समजावून सांगावं लागलं नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. सासरे मात्र म्हणाले, “हे आपल्याकडे घरी फुकट मिळतं.” शाकाहारी पदार्थ इथे मोजकेच आहेत, मेनू आधी बघून जा. पीनट बटर आणि जेलीचा मिल्कशेक एक घेऊन सहाजणांत वाटा.

दहा वर्षांच्या मुलांचं एक गणित सांगते. डिस्नेच्या हिशेबात तीन ते नऊ म्हणजे मूल आणि दहा म्हणजे मोठा माणूस. तिनाखालच्याला बुफेत पैसे नाहीत. आमच्या मुलीचा वाढदिवस मे महिन्यात झाला, त्यामुळे दोन नूडल्स खाणाऱ्या पोरीला पूर्ण दर. मिकी वगैरे भेटायला येतात त्या बुफेंचा रात्रीचा दर मोठ्या माणसाला साठ डॉलरच्या आसपास किंवा त्याच्या वर जातो. ठरलेल्या दराच्या ठिकाणी वाटून खाता येत नाही, प्रत्येकाचा आकडा लागतो. जिथे पदार्थावर दर असतो तिथे दोघींत एक बशी चालते. म्हणून फिक्स दराचं जेवण मोजून घ्या. सासरे डॉलरचे रुपये करत बसत नाहीत, ते महिन्याच्या डब्यात मोजतात. गार्डन ग्रिलचं बिल पुण्यातल्या त्यांच्या डब्याचे किती महिने होतं ते त्यांनी मला सांगितलं. मी तुम्हाला सांगत नाही.

मुलीला किल्ल्यात जेवायचं होतं. सहाजणांचं टेबल मिळेना, म्हणून मी दोघींचंच शोधलं आणि चटकन मिळालं. ही गोष्ट लोकांना सुचत नाही: सगळ्यांनी सगळीकडे एकत्र गेलं पाहिजे असं थोडंच आहे? बाकीचे चौघे हॉटेलवर आडवे झाले आणि आम्ही दोघी ‘बी अवर गेस्ट’मध्ये गेलो, तो ‘ब्यूटी अँड द बीस्ट’च्या गोष्टीतल्या राक्षसाच्या वाड्याचा दिवाणखाना. खिडक्यांबाहेर बर्फ पडत असतो. बाहेर छत्तीस अंशांत घामाने चिकट झालेली दोन माणसं आत येतात, झुंबराखाली बसतात आणि खिडकीतून बर्फ बघतात. शेजारच्या वेस्ट विंगच्या खोलीत अंधार आणि गडगडाट असतो आणि काचेतल्या गुलाबाची पाकळी गळते. लहान मुलं असतील तर मोठ्या दिवाणखान्यात जागा मागा. तीन पदार्थांचं ठरलेल्या दराचं जेवण आहे, त्यामुळे हे असं दोघांनीच करायचं काम.

पार्काच्या आतल्या रेस्टॉरंटला त्या दिवसाचं तिकीट लागतं, हॉटेलांमधल्या रेस्टॉरंटला लागत नाही. विश्रांतीच्या दिवशी तिकीट न जाळता हॉटेलातलं चांगलं टेबल घ्या. मधलं अंतर मात्र हलकं घेऊ नका. मॅजिक किंग्डममधून कंटेम्पररी हॉटेलला दहा-पंधरा मिनिटांत चालत जाता येतं, पण अ‍ॅनिमल किंग्डम लॉज या हॉटेलला बस किंवा गाडीच हवी. दोन ठिकाणांमध्ये तासभर धरा. पोचल्यावर डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये आल्याची नोंद करा, टेबल तयार झालं की फोनवर निरोप येतो. ठरलेल्या वेळेलाच बसायला मिळेल असं नाही, म्हणून सगळ्यांना भूक लागायच्या आधीची वेळ घ्या.

टेबल मिळालं नाही तर रडत बसू नका. बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत रद्द करता येतं, त्यानंतर न गेल्यास माणशी दहा डॉलर कापतात. त्यामुळे आदल्या रात्री आणि त्याच दिवशी सकाळी लोक पटापट सोडतात. मी रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या अ‍ॅप चाळत असायचे. ‘सना’ नावाच्या रेस्टॉरंटचं टेबल मला असंच मिळालं.

बिलाचं एकच सांगते. सहा किंवा जास्त माणसं असली की अठरा टक्के टिप आधीच लावलेली असते. दोनशे डॉलरचं जेवण असेल तर साडेसहा टक्के कर म्हणून तेरा, टिप छत्तीस, एकूण २४९. त्याखाली पुन्हा टिपसाठी रिकामी ओळ असते. नवऱ्याने एकदा त्या ओळीवरही सवयीने आकडा लिहिला. बाळामुळे आपण सहा झालोय, हे विसरला होता.

तर ‘सना’. अ‍ॅनिमल किंग्डम लॉजच्या किदानी व्हिलेजमध्ये आहे, आफ्रिकी स्वयंपाक आणि त्यात आपले मसाले. मोठ्या खिडक्यांबाहेर कुरण आणि त्यात जिराफ, झेब्रे. उजेड असताना जा. जूनमध्ये सूर्य सव्वाआठनंतर मावळतो, म्हणून साडेसहाला चाललं. हिवाळ्यात साडेपाच-सहाला अंधार पडतो, तेव्हा दुपारचंच घ्या. खिडकीजवळची जागा आल्याआल्या मागा, मिळाली तर मिळाली. मागवायची ती ब्रेड सर्व्हिस: पाच तऱ्हेच्या पोळ्या आणि नऊ वाट्या. नान, आल्या-लसणाचा नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा, पापड. वाट्यांत काकडीचं रायतं, चिंचेची, कोथिंबिरीची, आंब्याची चटणी, लसणाचं लोणचं, मिरची-लिंबाचं तिखट लोणचं.

चार दिवसांनी समोर पापड आलेला बघून सासूबाई आधी काही बोलल्याच नाहीत. पापड मोडला, सगळ्यांना एकेक तुकडा दिला, मग नऊ वाट्यांत नऊ वेळा बोट बुडवून चव घेतली. “लोणचं बरंय. मुरलं नाहीये पण.” बाहेर जिराफ खिडकीजवळ आला होता, मुलं काचेला नाक लावून उभी होती, त्या कुलचा संपवत होत्या.

दोन नान उरले. बॉक्स मागितला, लगेच मिळाला. बुफेत असं देत नाहीत, इथे देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या हॉटेलच्या फूड कोर्टातल्या मायक्रोवेव्हमध्ये वीस सेकंद गरम केले. जास्त केलेत तर कडक होतात. सोबत पर्समधली शेंगदाण्याची चटणी. विमान साडेअकराचं होतं.